शेवटच्या दिवसाआधी एका साध्या मंगळवारी जा

प्रिय ताई,

तुमचं पत्र मोठं होतं आणि त्यातलं बरंचसं फक्त माझ्यासाठी होतं. म्हणून वाचकांना कळण्यापुरता भाग इथे देते.

"महिन्यातला एक दिवस मी सिनेमाचा ठेवलेला आहे. सकाळच्या खेळाला आत शिरायचं आणि रात्रीचा खेळ सुटला की घरी. आमच्या थिएटरला पडदा एकच, पण दिवसभरात तीन-चार वेगवेगळे सिनेमे लावतात. जे लागलं असेल ते बघायचं, निवड करायची नाही, असा आमचा नियम. आमचा म्हणजे माझा आणि यांचा. हे गेल्यावर मी एकटी जाऊ लागले. एच रांगेतली कडेची खुर्ची माझी आणि तिच्या शेजारची यांची. आता महिनाअखेरीला थिएटर बंद होतंय. शेवटच्या दिवसाच्या चारही खेळांची तिकिटं मी काढली आहेत. मुलगा म्हणतो, घरी एवढा मोठा टीव्ही असताना एका जुन्या इमारतीसाठी कसली रडतेस? मैत्रीण म्हणते, शेवटच्या दिवशी जाऊच नकोस, त्रास होईल. सह्यांची मोहीम चालू आहे, तिच्यात पडावं का ते कळत नाही. कधी वाटतं, आम्ही प्रेक्षकच कमी पडलो. आणि पुढच्या महिन्यात माझ्या त्या दिवसाचं करायचं काय?"

ताई, शेवटच्या दिवसापासून सुरुवात करते, कारण त्याला वेळ थोडा उरला आहे. जा, पण चारही खेळांना बसू नका. एक तिकीट ठेवा आणि बाकीची तीन ज्यांना मिळाली नाहीत त्यांना देऊन टाका. सकाळपासून रात्रीपर्यंतचा तुमचा दिवस मात्र त्याआधीच घ्या. एखादा मंगळवार निवडा. तिथे मुद्दाम यावं असं काहीही ज्या दिवशी नसतं, असा दिवस.

बंद होणाऱ्या थिएटरचा शेवटचा दिवस त्याच्या बाकीच्या सगळ्या दिवसांपेक्षा वेगळा असतो. दिल्लीचं रीगल १९३२ साली सुरू झालं आणि ३० मार्च २०१७ ला बंद झालं. त्या दिवशी तिथे राज कपूर यांचे जुने सिनेमे लावले होते आणि लोकांनी गर्दी केली होती. अशा दिवशी वर्षानुवर्षं न फिरकलेली माणसंही येतात. पडद्याकडे कमी आणि छताकडे, जिन्याकडे, एकमेकांकडे जास्त बघतात. हातात मोबाइल असतात, बातमीदार येतात, कुणी चार शब्द बोलतं. यात खोटं काही नाही. निरोपाला माणसं जमलीच पाहिजेत, आणि तिथे काम करणाऱ्यांना एकदा तरी पुन्हा भरलेला हॉल बघायला मिळावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी एका खेळाला तुम्ही असायलाच हव्यात.

पण तुम्ही ज्याच्यावर जीव लावलात ते थिएटर त्या दिवशी तिथे नसेल. तुमच्या पत्रातलं थिएटर म्हणजे अर्ध्याहून जास्त रिकामा हॉल. उन्हातून आत आल्यावर क्षणभर काहीच न दिसणं. डोअरकीपरने तिकीट न बघताच मान हलवणं, पाच रांगा पुढे कुणीतरी एकट्यानेच खळखळून हसणं. हे सगळं तुम्हाला मंगळवारी भेटेल. आणि एक अगदी साधी गोष्ट: शेवटच्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्चीत कुणी तरी अनोळखी माणूस बसलेला असेल. मंगळवारी ती रिकामी असेल.

मैत्रिणीने दिलेला सल्ला मायेपोटीच आहे, पण तो मला पटत नाही. न गेल्याने त्रास टळत नाही, फक्त पुढे जातो. एखाद्या दिवशी त्या रस्त्याने जाताना तुम्हाला पत्रे ठोकलेलं फाटक दिसेल, आणि ती तुमची शेवटची भेट ठरेल. ते होऊ देऊ नका.

आता मुलाच्या बोलण्याबद्दल. इमारतीसाठी माणूस रडतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बॉस्टन शहरातली वेस्ट एंड नावाची जुनी वस्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. तिथून उठवलेल्या लोकांशी बोलून मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहिला. त्याला दिसलं ते असं की, यातली पुष्कळ माणसं घरातलं कुणी गेल्यावर करावा तसा शोक करत होती, आणि काहींचा तो फार दिवस ओसरला नव्हता. रोजची वाट, ठरलेला कोपरा, ओळखीचे चेहरे यांनी आपण कोण हे ठरलेलं असतं. ते उचलून नेलं की माणूस आतून हलतो.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली, ती तुमच्या पत्राला नेमकी लागू पडते. काही दुःखं अशी असतात की आजूबाजूचे त्यांना दुःख म्हणून मानतच नाहीत. त्यांच्यासाठी कुणी भेटायला येत नाही, सुट्टी मिळत नाही, दोन शब्द ऐकायला मिळत नाहीत. वर रडणाऱ्यालाच वाटतं की आपलंच काही चुकतंय. अशी दुःखं जड होतात, कारण ती एकट्यानेच वाहायची असतात.

तुमच्या बाबतीत तर दोन दुःखं एकमेकांत गुंतलेली आहेत. यजमान गेल्यावरही महिन्यातला तो एक दिवस तुम्ही मोडू दिला नाहीत. वेळ तीच, रांग तीच, निवड न करण्याचा नियम तोच. थिएटर उघडं होतं तोवर त्या दिवसाला उभं राहायला जागा होती. आता ती जागा जाते आहे, आणि मला वाटतं पत्र लिहिताना तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यासाठी. मुलाला हे माहीत नसावं. त्याला दिसते आहे ती इमारत आणि टीव्ही. त्याच्याशी वाद घालू नका. एका संध्याकाळी त्याला बसवून सांगा की त्या एच रांगेत तू ज्यांना बाबा म्हणायचास ते बसायचे, मध्यंतरात काय बोलायचे, कुठल्या सिनेमाला झोपायचे, कुठल्या सिनेमानंतर घरी येईपर्यंत गप्प होते. मुलांना आईवडिलांचं हे आयुष्य ठाऊक नसतं. सांगितलं तर ती ऐकतात, असा माझा या सदरातला अनुभव आहे.

टीव्हीचा मुद्दा मात्र मोकळेपणाने बोलावा असा आहे, कारण मुलगा एकटाच तसं म्हणत नाही. एकट्याने बघायची सोय ही नवी गोष्ट नाही, ती थिएटरपेक्षाही जुनी आहे. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या कायनेटोस्कोपचं दालन उघडलं. लाकडी उभी पेटी, वर एक भोक. त्याला डोळा लावून एका वेळी एकाच माणसाने आतली हलती चित्रं बघायची. लोक रांगा लावून बघतही होते. मग २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रां काफेच्या तळघरातल्या दालनात ल्यूमिएर बंधूंनी तीच हलती चित्रं भिंतीवर मोठी करून, तिकीट लावून, एकत्र बसलेल्या लोकांना दाखवली. थोड्याच वर्षांत पेट्या मागे पडल्या. त्यात व्यवहार होताच, कारण एका यंत्रावर एकाऐवजी अख्खा हॉल भरून माणसं बघू शकत होती. पण व्यवहार तेव्हाच चालला जेव्हा लोकांनाही अंधारात अनोळखी माणसांच्या शेजारी बसून बघणं जास्त आवडलं. रॉबर्ट प्रोव्हाइन हे शास्त्रज्ञ हसण्याचा अभ्यास करायचे. त्यांच्या पाहणीत माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या सुमारे तीस पट चारचौघांत हसतो असं आढळलं. विनोदी सिनेमा घरी बघताना आपण नुसतं ओठांत हसतो आणि हॉलमध्ये पोट धरून हसतो, यामागे सिनेमापेक्षा शेजारच्यांचा वाटा मोठा असतो.

घरच्या टीव्हीला मी नावं ठेवत नाही. आजारी माणसाला, तान्हं मूल असलेल्या आईला, जवळ थिएटरच नसलेल्याला तो मोठा आधार आहे. पण टीव्हीसमोर तुम्ही मालक असता. हवं तिथे थांबवता, पुढे नेता, नको वाटलं तर बदलता. थिएटरमध्ये तुम्ही स्वतःला दोन-तीन तासांसाठी दुसऱ्याच्या हाती देता. तुमचा निवड न करण्याचा नियम तर त्याच्याही पुढचा आहे. मला तो फार आवडला. जे येईल त्याच्यासमोर पूर्ण लक्ष देऊन बसायचं, हे आजकाल कुणी करत नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मात्र मला अस्वस्थ केलं. "आम्ही प्रेक्षकच कमी पडलो." ताई, हा भार उतरवून ठेवा. महिन्यातून एक अख्खा दिवस देणारी बाई कमी पडली नाही. एकपडदा थिएटरचं गणित मुळातच अवघड झालं आहे, आणि ते कसं हे कळलं तर मन थोडं हलकं होईल.

पडदा एकच असला की आठवड्याचा मुख्य सिनेमा पडला तरी सगळा आठवडा पडतो. अनेक पडद्यांच्या थिएटरात न चाललेला सिनेमा दोन दिवसांत लहान हॉलमध्ये सरकवतात आणि चालणाऱ्याला मोठा हॉल देतात. तिकीट खिडकी, मशीन सांभाळणारी माणसं, साफसफाई, सगळ्याचा खर्च अनेक पडद्यांवर वाटला जातो. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये १९६३ साली एकाच छताखाली दोन पडदे असलेलं थिएटर उघडलं तेव्हा त्यामागचं गणित हेच होतं. मोठ्या सिनेमांचे वितरक सुरुवातीच्या दिवसांत तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा घेतात, तो पुढे पुढे कमी होत जातो. म्हणजे थिएटरच्या हाती खरा पैसा येतो तो सिनेमा बरेच आठवडे टिकला तरच. आणि आता सिनेमे टिकत नाहीत. हॉलिवूडचे सिनेमे पूर्वी थिएटरनंतर साधारण तीन महिन्यांनी घरात यायचे, २०२० च्या साथीनंतर तो काळ पुष्कळ सिनेमांसाठी दीड महिन्यावर आला, काहींसाठी त्याहून कमी. थांबलं तर घरी बघायला मिळेल हे माहीत असलेला प्रेक्षक थांबतो.

त्याआधी एक मोठा धक्का बसला तो रिळांच्या जागी डिजिटल आलं तेव्हा. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००५ मध्ये डिजिटल प्रदर्शनाचे एकसारखे नियम ठरवले, आणि पुढच्या दहा वर्षांत जगभरातल्या बहुतेक थिएटरांमधून ३५ मिलिमीटरची फिल्म गेली. वितरकांची सोय झाली, कारण प्रत्येक थिएटरसाठी जड प्रिंट काढायची आणि पाठवायची गरज राहिली नाही. नव्या मशीनच्या खर्चाचा भार मात्र थिएटरांवरही आला. जी जुनी फिल्म मशीनं नीट तेलपाणी केलं तर तीस-चाळीस वर्षं चालायची, त्यांच्या जागी संगणकासारखी दर काही वर्षांनी जुनी होणारी यंत्रं आली. अनेक मालकांनी त्याच वेळी हिशेब केला आणि थांबायचं ठरवलं. तुमच्या थिएटरने तोही टप्पा ओलांडला, हे मालकांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

आणि शेवटी जमीन. जुनी थिएटरं वस्तीच्या मध्यावर असतात. एवढ्या मोठ्या जागेवर दिवसातून चार वेळा काही माणसं बसवण्यापेक्षा दुकानं आणि कचेऱ्या बांधणं किती तरी पटीने फायद्याचं ठरतं. मालक दुष्ट असायची गरज नसते. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या की कुणालाच ते चालवायचं नसतं, एवढंही पुरतं.

टोकियोचा इवानामी हॉल मला या संदर्भात नेहमी आठवतो. जेमतेम दोनशे-सव्वादोनशे खुर्च्यांचं ते थिएटर १९७४ मध्ये सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'ने चित्रपटगृह म्हणून सुरू झालं. मोठ्या वितरकांनी न घेतलेले जगभरातले सिनेमे त्याने जपानी प्रेक्षकांना दाखवले. ते दाखवणं निष्ठेचं होतं आणि बघणारेही निष्ठावान होते. तरी २९ जुलै २०२२ ला ते बंद झालं. साथीने प्रेक्षक तुटले ते पुरेसे परतले नाहीत. तिथल्या लोकांनी काय कमी केलं होतं? काहीच नाही.

यावरून सह्यांच्या मोहिमेकडे येते. सही जरूर करा. पण त्या मोहिमेत किती जीव टाकायचा हे ठरवण्याआधी आयोजकांना विचारा की जमीन कुणाची आहे, ती विकली गेली आहे की अजून बोलणी चालू आहेत, आणि थिएटर राहिलं तर ते उद्यापासून चालवणार कोण. या प्रश्नांना उत्तरं असतील तर झोकून द्या. नसतील तर सही करा आणि उरलेला वेळ आतल्या खुर्चीत घालवा.

थिएटरं वाचली आहेत, पण ती फक्त हळहळीने वाचलेली नाहीत. फ्रान्सच्या ला सिओटा गावातलं इडन थिएटर १८८९ साली उघडलं. ल्यूमिएर कुटुंबाचं घर त्याच गावात होतं. १९९५ मध्ये ते बंद पडलं, आणि डागडुजी होऊन पुन्हा उघडायला २०१३ साल उजाडलं. अठरा वर्षं गावातली माणसं त्याच्यामागे लागून राहिली आणि सरकारी पैसा उभा राहिला, तेव्हा कुठे ते झालं. लॉस एंजेलिसच्या वेस्टवुड भागातलं १९३१ सालचं व्हिलेज थिएटर विक्रीला निघालं. तेव्हा दिग्दर्शक जेसन राइटमन यांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये तीसहून जास्त दिग्दर्शकांनी पैसे घालून ते सरळ विकत घेतलं. दोन्हीकडे कुणीतरी किल्ल्या हातात घेतल्या. तुमच्या मोहिमेत किल्ल्या घेणारं कुणी आहे का, एवढंच बघायचं.

आता मंगळवार. माझ्या सगळ्या पत्रातला हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घरी सांगून टाका की दिवसभर फोन बंद असेल. पहिल्या खेळाला नेहमीसारखं उशिरा न जाता हॉल उघडेल त्या क्षणाला आत जा आणि दिवे चालू असताना बसून राहा. छत, पंखे, पडद्याच्या कडा, भिंतीवरचे दिवे, तुमच्या खुर्चीचा हात कुठे झिजलाय ते, सगळं बघून घ्या. फोटो काढायचे तर तेव्हाच काढा. दिवे गेले की मोबाइल आत. मग सिनेमा बघा. निरोप म्हणून बघू नका, सिनेमा म्हणूनच बघा. तो वाईट असेल तर वाईट म्हणा, कंटाळा आला तर कंटाळा येऊ द्या. तुम्ही दोघांनी तिथे कितीतरी रद्दी सिनेमे सहन केले असतील, आणि तेही त्या दिवसांचाच भाग होते. दुसऱ्या खेळानंतर बाहेर येऊन पाय मोकळे करा, डोळ्यांना लांबवर बघू द्या. तिसऱ्या खेळापर्यंत सकाळच्या सिनेमातली माणसं दुपारच्या सिनेमात शिरू लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला स्वतःला दिवसभराच्या सिनेमात हीच वेळ सगळ्यांत जास्त आवडते. एका गोष्टीचा राग दुसऱ्या गोष्टीतल्या माणसावर निघतो, आणि मन इतकं सैल झालेलं असतं की एरवी ज्यावर रडू येणार नाही त्यावर येतं. आलं तर येऊ द्या. मंगळवारी दुपारी हॉलमध्ये तुम्हाला बघणारं कुणी नसतं.

मधल्या वेळात सिनेमाचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरना भेटा. मालकांची किंवा मॅनेजरची परवानगी काढून केबिन बघायला मागा. तीस-पस्तीस वर्षं सिनेमे बघूनही आपण ती खोली कधी पाहिलेली नसते. जुने ऑपरेटर असतील तर त्यांना विचारा की दोन मशीनं होती तेव्हा एका रिळावरून दुसऱ्या रिळावर कसं जायचे. मोठं रीळ साधारण वीस मिनिटांचं असायचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका यायचा, त्यावर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची; काही सेकंदांनी दुसरा ठिपका यायचा, आणि त्यावर पडद्यावरचं चित्र दुसऱ्या मशीनवर न्यायचं. हे नीट जमलं तर प्रेक्षकाला काहीच कळायचं नाही. त्यांचं कौशल्य असं होतं की ते दिसलं तर चूक आणि न दिसलं तर बरोबर. कार्बन जाळून प्रकाश करायचे त्या काळातलं कुणी असेल तर कांड्या जळत जायच्या तशा पुढे कशा सरकवायच्या, हेही ते सांगतील. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो आणि ठरावीक मशीनवर, ठरावीक तारखांपुरताच उघडेल अशी डिजिटल किल्ली सोबत येते. त्या मुदतीबाहेर तो लागत नाही.

त्यांची परवानगी घेऊन हे बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. डोअरकीपरांचंही करा, तिकीट खिडकीवरच्या बाईंचंही. थिएटर पाडताना लोक खुर्च्या आणि अक्षरांच्या पाट्या घरी नेतात. त्या नेल्या तर नेल्या, त्यात वाईट नाही, पण या माणसांना जे माहीत आहे ते कुणी नेत नाही. मॅनेजरकडे जुन्या नोंदवह्या असतील, कुठल्या आठवड्यात कुठला सिनेमा होता, किती तिकिटं गेली, याच्या. त्या रद्दीत जाणार असतील तर एखादं वाचनालय, महाविद्यालय किंवा चित्रपट संग्रहालय त्या घेईल का याची चौकशी तुम्ही करू शकता. सह्यांच्या मोहिमेतल्या तरुण मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतील.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: महिनाअखेरीनंतर हे लोक काय करणार आहेत. आपलं थिएटर जातंय, त्यांची नोकरी जातेय. काहींचं वय नवं काम मिळण्याचं राहिलेलं नसेल. त्यांची थकबाकी मिळाली का, कुणाला कुठे शब्द टाकायचा असेल तर टाकता येतो का, हे बघा. शेवटच्या दिवशी जमणाऱ्या गर्दीकडून त्यांच्यासाठी काही रक्कम गोळा करायची कल्पना मॅनेजरपुढे ठेवा. तुम्हाला दुःखातून हाताला काही काम हवं असेल तर यासारखं दुसरं नाही.

शेवटच्या दिवसाचा तुमचा एक खेळ कोणता ठेवावा? मी रात्रीचा सुचवणार नाही. तो सगळ्यांनाच हवा असतो आणि तो सुटायला फार वेळ लागतो. सकाळचा ठेवा. तुमच्या दोघांचा दिवस सकाळच्या खेळाने सुरू व्हायचा. तो बघून बाहेर या, भेटायचं त्यांना भेटा आणि दुपारपर्यंत घरी जा.

राहिला पुढचा महिना. दिवस मोडू नका. हे मी अगदी आग्रहाने सांगते, कारण एक महिना चुकला की दुसरा सहज चुकतो. तारीख आत्ताच ठरवा, त्या बंद फाटकाची वाट न बघता. जवळपास दुसरं एकपडदा थिएटर असेल तर उत्तमच. नसेल आणि अनेक पडद्यांचंच असेल तर तुमचा नियम तिथेही चालेल, थोडा बदलावा लागेल. खिडकीपाशी जाऊन सांगायचं, "यानंतर जो पहिला सुरू होतोय त्याचं द्या." तो सुटला की पुन्हा खिडकीपाशी, पुन्हा तेच वाक्य. निवड करायची नाही. खिडकीवरची मुलगी पहिल्यांदा गोंधळेल, तिसऱ्या महिन्यात ती ओळखू लागेल.

नव्या जागेत जुनी जागा शोधू नका. तिथे एच रांग असेल पण ती वेगळ्या ठिकाणी असेल, पडदा जवळ किंवा लांब वाटेल. पहिले दोन-तीन महिने वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून बघा. सगळं परकं वाटेल, आवाज मोठा वाटेल, जाहिराती संपता संपणार नाहीत. एखाद्या वेळी मध्येच उठून घरी यावंसं वाटलं तर या, पण पुढच्या महिन्यात परत जा. ज्या दिवशी सिनेमा बघता बघता तुम्ही हॉल विसराल त्या दिवशी तिथली एखादी खुर्ची तुमची झालेली असेल, आणि तिच्या शेजारची कुणाची हे तुम्हीच ठरवाल.

मुलालाही बोलवा. पूर्ण दिवसाला नको, दुपारच्या एकाच खेळाला. कुठला सिनेमा आहे असं तो विचारेल. त्याला सांगा की आमच्या नियमात ते आधी सांगत नाहीत.

मंगळवार कसा गेला ते कळवा.